गाभण डुकरिणीच्या आहाराचे गणित

डुकरिणीचे गाभणपण 114-115 दिवसांचे असते. इंग्रजी बोलणारे पशुपालक ते ‘तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस’ असे लक्षात ठेवतात. एवढ्या दिवसांत सुधारित जातीची, सुमारे दोनशे किलो वजनाची मादी चौदा-पंधरा पिल्ले वाढवते. डेन्मार्कमधल्या कळपांत तर आता एका वेताला जिवंत जन्मणाऱ्या पिल्लांची सरासरी सतराच्या आसपास गेली आहे. प्रत्येक पिल्लू साधारण 1.3 ते 1.4 किलोचे धरले, तर चौदा पिल्लांचे वजन अठरा-एकोणीस किलो भरते. शिवाय वार, गर्भजल, वाढलेली गर्भपिशवी आणि दुधासाठी तयार होणारी आचळे आहेतच.

या सगळ्याचा कच्चा माल येतो कोठून? अर्थात आईच्या आहारातून, असे उत्तर वर्गात लगेच मिळेल. पण आहार पुरेसा होता की नाही हे ठरवायचे कसे, असे विचारले तर उत्तर सोपे नाही. पिल्ले चांगली निपजली म्हणजे आईला पुरेसे मिळाले, असे पुष्कळ वर्षे धरले जात होते. हा निष्कर्ष का टिकला नाही आणि त्याजागी काय आले, ते या लेखात पाहू.

डुकराचा विषय निघाला की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात. पण पोषणशास्त्राच्या दृष्टीने डुक्कर हा आपला फार जवळचा प्राणी आहे. गाईसारखे त्याला चार कप्प्यांचे पोट नाही. गाईच्या पोटातले जंतू साध्या चाऱ्यापासूनही सर्व अमिनो आम्ले तयार करून देतात. डुकराला आणि माणसाला ती सोय नाही. जे अमिनो आम्ल अन्नातून आले नाही, ते नाहीच. म्हणून डुकरिणीच्या आहाराचा प्रश्न शेवटी आपल्या घरातल्या गरोदर बाईच्या ताटापर्यंत येऊन पोचतो.

प्रथिन किती, यापेक्षा कोणते

प्रथिने सुमारे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. त्यांपैकी नऊ अमिनो आम्ले माणसाच्या आणि डुकराच्या शरीराला स्वतः बनवता येत नाहीत किंवा पुरेशी बनवता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. इथपर्यंत सारे सोपे आहे. गंमत आहे ती त्यांच्या प्रमाणात.

एक खेळ करून पाहा. पुठ्ठ्याच्या चौकोनी तुकड्यांवर अक्षरे लिहा: ‘ग’ चाळीस, ‘व’ चाळीस आणि ‘त’ फक्त दहा. मुलांना सांगा, ‘गवत’ हा शब्द जितक्या वेळा जुळवता येईल तितक्या वेळा जुळवा. शब्द दहाच होतील. तीस ‘ग’ आणि तीस ‘व’ शिल्लक राहतील. आता आणखी ‘ग’ दिले तर? शब्द वाढणार नाहीत, शिल्लक तेवढी वाढेल. ‘त’ मात्र दहाचे वीस केले की शब्द वीस होतील आणि शिल्लक कमी होईल. इथे ‘त’ हे अडवणारे अक्षर आहे.

शरीरात हेच घडते, फक्त एक महत्त्वाचा फरक आहे. पुठ्ठ्याचे उरलेले तुकडे डब्यात ठेवता येतात. उरलेली अमिनो आम्ले शरीराला चरबीसारखी साठवून ठेवता येत नाहीत. यकृतात त्यांच्यातला नत्राचा भाग काढला जातो, त्याचा युरिया बनतो आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. उरलेल्या कार्बनी सांगाड्याचा बराचसा भाग जळतो आणि कार्बन डायॉक्साइड होऊन श्वासाबरोबर जातो. हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

मक्यातले ‘त’ कोणते, याचा छडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लागला. अमेरिकेत ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी उंदरांना झीन हे मक्यातले प्रथिन एकमेव प्रथिन म्हणून दिले, तेव्हा उंदरांची वाढ खुंटली. त्यात ट्रिप्टोफॅन आणि लायसिन ही दोन अमिनो आम्ले घातल्यावर ती पुन्हा सुरू झाली. डुकरांच्या नेहमीच्या मका-सोयाबीन पेंडीच्या आहारात सर्वांत आधी कमी पडते ते लायसिन. म्हणून डुकरांच्या पोषणशास्त्रात लायसिनला 100 मानतात आणि बाकीच्या अमिनो आम्लांची गरज त्याच्या प्रमाणात सांगतात. ब्रिटनच्या कृषी संशोधन परिषदेने 1981 मध्ये डुकरांसाठी ‘आदर्श प्रथिना’ची कल्पना याच पद्धतीने मांडली.

आकडे घेऊन पाहू. मक्यात लायसिन वजनाच्या 0.25 टक्क्याच्या आसपास असते, सोयाबीन पेंडीत तीन टक्क्यांच्या किंचित खाली. गाभण डुकरिणीला दिवसाला सुमारे दोन किलो खाद्य देतात. जास्त दिले तर ती लठ्ठ होते, आणि गाभणपणी लठ्ठ झालेली मादी व्याल्यानंतर, म्हणजे पिल्लांना पाजण्याच्या दिवसांत, नेमके कमी खाते. समजा दोन किलो नुसता मका दिला, तर लायसिन मिळेल पाच ग्रॅम. त्यातला 200 ग्रॅम मका काढून तेवढीच सोयाबीन पेंड घातली, तर मक्यातून साडेचार आणि पेंडीतून पावणेसहा, असे सव्वादहा ग्रॅम होईल. दोनशे ग्रॅम पेंडीने लायसिन दुप्पट झाले.

आपल्याकडच्या ज्वारी-तुरीचे गणित याच जातीचे आहे. ज्वारीच्या दर 100 ग्रॅम प्रथिनात लायसिन जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅम असते, तुरीच्या डाळीच्या प्रथिनात त्याच्या तिप्पट. तीनशे ग्रॅम ज्वारीतून जेवढे लायसिन मिळते, जवळजवळ तेवढे पन्नास ग्रॅम डाळीतून मिळते. भाकरीबरोबर आमटी घट्ट की पातळ, हा निव्वळ चवीचा प्रश्न नाही.

114 दिवस सारखे नसतात

आता गर्भाकडे वळू. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यांत गर्भ फार लहान असतो. त्या काळात वाढते ती वार, तिच्यातल्या रक्तवाहिन्या आणि गर्भाभोवतालचे पाणी. मादी पहिल्या वेताची असेल तर तिचे स्वतःचे शरीरही अजून वाढतच असते. पिल्लाच्या वजनाची खरी घोडदौड शेवटच्या दीड महिन्यात होते.

टेक्सासमधल्या संशोधकांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनानुसार, 69व्या दिवसापर्यंत एका गर्भात दररोज सरासरी पाव ग्रॅम प्रथिन साठते; त्यानंतर दररोज सुमारे 4.6 ग्रॅम. म्हणजे वेग अठरापटीहून अधिक वाढतो. गर्भ चौदा असतील तर आधी दिवसाला साडेतीन ग्रॅम आणि नंतर सुमारे 65 ग्रॅम. आचळांचेही तसेच. एका आचळाच्या ग्रंथीत 80व्या दिवसापर्यंत रोज 0.4 ग्रॅम प्रथिन साठते, पुढे रोज 3.4 ग्रॅम. मुलांना हा आलेख काढायला सांगितला तर दोन सरळ रेषा मिळतील: एक जवळजवळ आडवी आणि दुसरी एकदम चढती. (जीवशास्त्रातले आलेख इतके सरळ नसतात, संशोधकांनी सोयीसाठी दोन रेषांत बसवले आहेत.)

एवढे कळल्यावर, गाभणपणाचे सर्व दिवस एकाच पाटीत एकच खाद्य देण्याची रीत चमत्कारिक वाटू लागते. सुरुवातीला तिला गरजेपेक्षा जास्त प्रथिन मिळते आणि ते लघवीवाटे वाया जाते. शेवटी, जेव्हा खरोखर हवे असते, तेव्हा कमी पडते. तरीही ही रीत दशकानुदशके चालली, आणि आजही अनेक ठिकाणी चालते. कारण उघड आहे: कमी पडले तरी पिल्ले ठीकच जन्मत होती.

कमतरता लपते कोठे?

1960च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात पॉन्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण डुकरिणींना जवळजवळ प्रथिन नसलेला आहार देऊन पाहिला. आपली अपेक्षा काय असेल? गर्भ टिकणारच नाहीत अशी. पण प्रत्यक्षात गाभणपण टिकले आणि जिवंत पिल्ले जन्मली. ती वजनाने कमी होती, पण जन्मली. आहारात प्रथिन नाही, तर त्यांच्या शरीरातले प्रथिन आले कोठून? आईच्या स्नायूंतून.

आईचे स्नायू हे प्रथिनांचे कोठार नव्हे. ते चालायला, उभे राहायला लागणारे चालू यंत्र आहे. पण वेळ आली की शरीर हे यंत्र मोडून सुटे भाग पुरवते. त्यातच वार ही केवळ गाळणी नाही. ती अनेक अमिनो आम्ले ऊर्जा खर्चून आईच्या रक्तातून गर्भाकडे ओढून नेते. गर्भाच्या रक्तात बऱ्याच अमिनो आम्लांचे प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त आढळते. आईच्या रक्तात टंचाई असली तरी हे ओढणे चालू राहते, आणि खर्च आईच्या नावावर पडतो.

म्हणून पिल्लांचे वजन हे आईच्या आहाराचे फार बोथट माप आहे. कमतरता अगदी तीव्र झाल्याशिवाय ते हलत नाही. तोवर आई वाळलेली असते. पुढे दूध कमी येते, पुन्हा माजावर येण्यास उशीर होतो, दुसरे वेत लहान पडते. पहिल्या वेताच्या मादीचे हाल अधिक, कारण तिची स्वतःची वाढ पुरी झालेली नसते. दुसऱ्या वेतात पिल्लांची संख्या घटणे ही तर डुकरे पाळणाऱ्यांची जुनी तक्रार आहे, आणि तिच्या कारणांपैकी एक हे आहे.

याची उलट बाजूही तपासली गेली आहे. कॅन्सस राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये एका मोठ्या कळपातील अकराशेहून अधिक माद्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. 90व्या दिवसानंतर काहींना रोज 10.7 ग्रॅम पचणारे लायसिन मिळत होते आणि काहींना 20 ग्रॅम; काहींना ऊर्जाही जास्त होती. पिल्लांच्या जन्मवजनात फरक पडला तो जेमतेम तीस ग्रॅमचा, आणि तोही ऊर्जेमुळे; लायसिन दुपटीजवळ नेऊन जन्मवजन वाढले नाही. यावरून ‘जास्त लायसिनची गरजच नाही’ असे कोणी म्हणू शकेल, आणि तसे म्हणणारे आहेतही. आमच्या मते हा प्रयोग इतकेच सांगतो की पिल्लांकडे पाहून आईची गरज मोजता येत नाही. ज्या माद्यांना दोन्ही गोष्टी जास्त मिळाल्या, त्यांचे स्वतःचे वजन अधिक वाढले होते. आणि जास्त ऊर्जेबरोबर मृत पिल्ले जन्मण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले, तेव्हा शेवटच्या महिन्यात नुसते खाद्य वाढवत जाणे हा उपाय नव्हे.

श्वासातून उत्तर

मग आईची गरज मोजायची कशी? जुनी पद्धत नत्राच्या ताळेबंदाची. जितका नत्र खाल्ला त्यातून मलमूत्रातून गेलेला वजा करायचा. उरला तो शरीरात राहिला. हे करायला मादीला कित्येक दिवस लहानशा पिंजऱ्यात ठेवून सगळे मूत्र व मल गोळा करावे लागते. थोडे सांडले, थोडा अमोनिया उडून गेला, तर हिशेब चुकतो. आणि चुकतो तो नेहमी एकाच बाजूला, म्हणजे शरीरात प्रत्यक्षापेक्षा जास्त नत्र राहिला असे दिसते. शिवाय लायसिनच्या प्रत्येक पातळीसाठी शरीराला नव्या आहाराची सवय होईपर्यंत थांबावे लागते. गाभणपणात गरजच आठवड्यागणिक बदलत असेल, तर इतके थांबणार कोण?

इथे आपला ‘गवत’चा खेळ पुन्हा काढू. ‘त’ कमी असताना ‘ग’ आणि ‘व’ शिल्लक राहतात. समजा आपण ‘त’ मोजायचेच नाही असे ठरवले आणि फक्त शिल्लक ‘ग’ मोजले. ‘त’ दहा असताना शिल्लक ‘ग’ तीस. ‘त’ वीस केले तर शिल्लक वीस, तीस केले तर दहा, चाळीस केले तर शून्य. पन्नास केले तरी शून्यच. आलेख उतरत उतरत येतो आणि एका जागी वळून आडवा होतो. ते वळण जिथे येते, तितके ‘त’ आपल्याला हवे होते.

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात 1980च्या दशकाच्या सुरुवातीला डुकराच्या लहान पिल्लांवर नेमकी हीच युक्ती वापरली गेली. ‘त’च्या जागी ज्याची गरज शोधायची ते अमिनो आम्ल, उदाहरणार्थ लायसिन. ‘ग’च्या जागी फेनिलॲलानिन हे दुसरे अमिनो आम्ल, पण खुणेचे, म्हणजे त्यातला एक कार्बन अणू वेगळ्या समस्थानिकाचा. लायसिन कमी असेल तर प्रथिने जुळवता येत नाहीत, फेनिलॲलानिन शिल्लक पडते आणि मघाशी पाहिल्याप्रमाणे जळते. त्यातला खुणेचा कार्बन कार्बन डायॉक्साइडच्या रूपाने श्वासात येतो. आहारातले लायसिन वाढवत न्यावे, तसा श्वासातला खुणेचा कार्बन कमी होत जातो, आणि गरज भागली की आलेख आडवा होतो. खऱ्या शरीरात तो शून्यावर येत नाही, कारण काही अमिनो आम्ले एरवीही जळतच असतात. पण वळण दिसते. आहार बदलल्यावर श्वासातला हा फरक काही तासांतच मोजता येतो. म्हणून एकाच मादीला थोड्या थोड्या दिवसांनी वेगवेगळे आहार देऊन, गाभणपणाच्या सुरुवातीला आणि शेवटी, अशी दोनदा मोजणी करता येते.

अल्बर्टा विद्यापीठात रॉन बॉल आणि टोरांटोचे बालरोगतज्ज्ञ पॉल पेन्चार्झ यांच्या गटाने गाभण डुकरिणींवर हे काम केले. 2011-12 च्या सुमारास त्यांचे थ्रिओनिन आणि लायसिनवरचे निबंध प्रसिद्ध झाले. दोन्ही अमिनो आम्लांची गरज गाभणपणाच्या शेवटी सुरुवातीपेक्षा ठळकपणे वाढते, हे त्यांत प्रत्यक्ष मोजून दाखवले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2012 मध्ये डुकरांच्या पोषणाच्या शिफारशी नव्याने काढल्या, तेव्हा गाभणपणाचे दोन भाग केले: 90 दिवसांपर्यंत आणि नंतर. पहिल्या वेताच्या मादीसाठी पचणाऱ्या लायसिनची शिफारस पहिल्या भागात दिवसाला साडेदहा ग्रॅमच्या आसपास आणि दुसऱ्या भागात साडेसोळाच्या आसपास आहे. वरच्या हिशेबात बसवायचे तर 200 ग्रॅम पेंडीच्या जागी 400 ग्रॅमच्या थोडी वर पेंड, आणि एकूण खाद्य दोनऐवजी अडीच किलो. (थोडी वर, कारण खाल्लेले सगळे लायसिन पचत नाही.)

जसजशी वेते वाढतात तसतशी मादीची स्वतःची वाढ थांबते आणि लायसिनची गरज कमी होते. थ्रिओनिनची मात्र तितकी कमी होत नाही. आतड्याच्या आतल्या बाजूवर जो बुळबुळीत थर असतो, त्यातल्या प्रथिनात थ्रिओनिन भरपूर असते आणि तो थर सतत झिजून विष्ठेतून जात असतो. त्यामुळे मोठ्या मादीच्या आहारात लायसिनच्या तुलनेत थ्रिओनिनचे प्रमाण वाढवावे लागते. एकाच ‘आदर्श प्रथिना’चे सूत्र सर्व वयांना लावता येत नाही ते यामुळे.

व्यवहारात हे आणायचे तर दोन प्रकारचे खाद्य आणि प्रत्येक मादीची नोंद हवी. युरोपातल्या अनेक गोठ्यांत मादीच्या कानातला बिल्ला ओळखून यंत्र तिच्या पुढ्यात तिच्या वाट्याचे खाद्य टाकते. दुसरा उपाय शुद्ध अमिनो आम्ले घालण्याचा. जपानमध्ये 1950च्या दशकात सापडलेल्या कोरिनेबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूंकडून साखरेच्या मळीवर वा स्टार्चवर लायसिन बनवून घेतात. जगात आज वर्षाला वीस लाख टनांहून अधिक लायसिन अशा रीतीने बनते, आणि त्यातले बहुतेक डुकरे-कोंबड्यांच्या खाद्यात जाते. अडवणारे अक्षरच वेगळे विकत मिळत असेल तर बाकीची अक्षरे उगाच वाढवायला नकोत. खाद्यातले प्रथिन एक टक्क्याने उतरवून अमिनो आम्लांचा मेळ राखला, तर डुकरांच्या मलमूत्रातला नत्र आठ ते दहा टक्क्यांनी घटतो. नेदरलँड्स, डेन्मार्कसारख्या देशांत हाच नत्र विहिरींच्या आणि ओढ्यांच्या पाण्यात उतरतो, म्हणून तिथे या टक्क्याला किंमत आहे.

आपल्या देशात 2019 च्या पशुगणनेत सुमारे 90 लाख डुकरे होती आणि सर्वांत जास्त आसामात. ईशान्येतल्या घरगुती पालनात तांदळाचा कोंडा, अळूची पाने, स्वयंपाकघरातले उष्टे-खरकटे आणि तांदळाच्या बिअरचा चोथा असे खाद्य असते. गोव्याच्या खेड्यांतही घरातल्या उरल्यासुरल्यावरच डुक्कर पोसले जाई. अशा आहारात पोट भरते, लायसिन मात्र तोकडेच राहते. तिथे संगणकाची गरज नाही. शेवटच्या महिन्यात रोज दोन मुठी पेंड किंवा शिजवलेला मासळीचा टाकाऊ भाग मिळाला तरी आईच्या अंगावरचा बोजा हलका होईल.

आर्जिनिनची निराळी कथा

लायसिन हे प्रथिने जुळवण्याचे अक्षर. आर्जिनिन हे अक्षरही आहे आणि निरोप्याही. त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू अत्यल्प प्रमाणात बनतो आणि तो रक्तवाहिन्या रुंदावतो. वारेत नव्या रक्तवाहिन्या फुटायलाही त्याची मदत होते. गाभणपणाच्या 40व्या दिवसाच्या सुमारास डुकरिणीच्या गर्भाभोवतालच्या पाण्यात आर्जिनिन आश्चर्य वाटावे इतके असते.

मोठ्या डुकराचे शरीर आर्जिनिन स्वतः बनवते, म्हणून ते आवश्यक यादीत नव्हते. पण 2007 मध्ये टेक्सासमधल्या गटाने पहिल्या वेताच्या माद्यांना 30व्या दिवसापासून व्यायच्या वेळेपर्यंत एक टक्का आर्जिनिन दिले, तेव्हा जिवंत पिल्ले सरासरीने दोनने वाढली. तुलनेच्या गटाला तितकाच नत्र दुसऱ्या अमिनो आम्लातून दिलेला होता, तेव्हा हा परिणाम नुसत्या नत्राचा नव्हता. पुढे इतर ठिकाणी झालेल्या प्रयोगांत मात्र कधी फरक दिसला, कधी नाही. कोणत्या दिवसापासून द्यावे, किती द्यावे, यावर निकाल बदलतो. दोन पिल्लांचा आकडा जाहिरातीत फार चटकन शिरला, असे आम्हांला वाटते.

डुकरिणीकडून माणसाकडे

अमिनो आम्लांची गरज मोजायला नत्राचा ताळेबंद तोकडा पडतो, हे माणसांच्या बाबतीतही दिसत होते. 1985 च्या जागतिक शिफारशीत मोठ्या माणसासाठी लायसिनची गरज वजनाच्या दर किलोला दिवसाला 12 मिलिग्रॅम होती. समस्थानिकांच्या पद्धती आल्यानंतर 2007 च्या शिफारशीत ती 30 झाली. या बदलाला आधार देणाऱ्या कामात बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. अनुरा कुर्पाड यांच्या गटाने भारतीय माणसांवर केलेली मोजमापेही होती. पोटभर भाकरी-भात खाणाऱ्या समाजासाठी 12 आणि 30 यांतला फरक केवढा, हे सांगायला नको.

गरोदर स्त्रियांबाबत अडचण अधिक होती. त्यांना प्रयोगासाठी आठवडेच्या आठवडे कमी प्रथिनाच्या आहारावर ठेवणे कोणालाही मान्य होणार नाही. म्हणून शिफारशी बऱ्याच अंशी इतर स्त्रियांच्या मोजमापांवरून हिशेबाने काढलेल्या होत्या. श्वासाच्या पद्धतीने ही वाट मोकळी केली. इथे खुणेसाठी कार्बन-13 वापरतात. तो किरणोत्सारी नसतो, आणि चाचणीचा आहार एका दिवसापुरता असतो. पेन्चार्झ व बॉल यांच्याबरोबर काम केलेले राजवेल एलांगो यांच्या व्हँकूव्हरमधील गटाने 2015 मध्ये निरोगी गरोदर स्त्रियांची मोजमापे प्रसिद्ध केली. प्रथिनांची सरासरी गरज सुरुवातीच्या महिन्यांत वजनाच्या दर किलोला दिवसाला 1.22 ग्रॅम आणि शेवटच्या महिन्यांत 1.52 ग्रॅम निघाली. त्या वेळची उत्तर अमेरिकेतली शिफारस सर्व महिन्यांना मिळून एकच होती: 0.88 ग्रॅम. लायसिनची गरजही त्यांनी 2018 मध्ये मोजली. दर किलोला सुमारे 37 मिलिग्रॅमवरून ती शेवटी 50 मिलिग्रॅमपर्यंत चढते. डुकरिणीच्या आलेखासारखाच हा चढ आहे, फक्त एकच बाळ असल्याने सौम्य.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 च्या तक्त्यात 55 किलोच्या स्त्रीला दिवसाला 45.7 ग्रॅम प्रथिन, गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत त्यावर 9.5 ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यांत 22 ग्रॅम असे सांगितले आहे. म्हणजे शेवटी एकूण 67.7 ग्रॅम. निदान महिन्यांप्रमाणे गरज वाढते, हे या तक्त्यात मान्य केलेले आहे. व्हँकूव्हरचा आकडा 65 किलो वजनाच्या गरोदर बाईला लावला, तर शेवटच्या महिन्यांतली सरासरी गरजच 99 ग्रॅम येते. कॅनडातल्या धडधाकट स्त्रियांवरचा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही हे खरे. पण आपल्याकडेही प्रसूतीनंतर वजन होते ते बाळाचे. बाळ अडीच किलोच्या वर भरले की सगळ्यांचे समाधान होते, आणि आईच्या दंडाचा घेर त्याआधी किती होता व आता किती आहे, हे बहुधा कोणी टेप लावून पाहत नाही.